भूगर्भातील उष्णता व तिच्या खुणा : वज्रेश्वरीची कुंडे आणि तेलखडकातील ज्वलन

(१) प्रश्नाचे स्वरूप

जमिनीखालील उष्णता डोळ्यांना दिसत नाही. पृष्ठभागावर ती ज्या खुणा उमटविते त्यांवरूनच तिचे स्थान, तिचे प्रमाण व तिचा स्वभाव यांचे अनुमान करावे लागते. अशा अनुमानाचा आपल्या पश्चिम भारतातील इतिहास थोडक्यात मांडावा, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. त्यासाठी दोन स्थळे निवडली आहेत. पहिले ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी. तेथे तानसा नदीच्या काठी निसर्गानेच तापविलेले पाणी शतकानुशतके वर येत आहे. दुसरे उत्तर गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यातील बलोल व सांथाल ही तेलक्षेत्रे. तेथे सुमारे एक हजार मीटर खोलीवरील तेलयुक्त खडकात माणसाने बुद्धिपुरस्सर अग्नी पेटविला आणि तो भूपृष्ठावरून हाताळला. एक अग्नी वाचावयाचा, दुसरा वाचून आवरावयाचा, एवढाच या दोहोंत भेद आहे. 

भाषेच्या अभ्यासकाने या विषयात शिरण्याचे कारण असे की, खूण आणि तिने सुचविलेली वस्तू यांचा संबंध हाच त्याच्या शास्त्राचाही मूळ प्रश्न होय. आपल्या न्यायशास्त्राने या प्रश्नाचे विवेचन धूम आणि अग्नी यांच्या उदाहरणानेच केले आहे. डोंगरावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे असे म्हणता येते. कारण स्वयंपाकघरासारख्या ठिकाणी धूर व अग्नी यांचे साहचर्य आपण पुनःपुन्हा पाहिलेले असते. परंतु नैयायिकांनी दोन सावधगिरीच्या सूचनाही दिल्या आहेत. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो; म्हणून अग्नीवरून धुराचे अनुमान करता येत नाही. तसेच दुरून दिसणारी वाफ धूर म्हणून घेतली, तर तीवरून केलेले अग्नीचे अनुमान फसते. या दोन्ही सूचना पुढील इतिहासात कशा खऱ्या ठरल्या ते क्रमाने पाहू.

(२) नावांची व कथांची साक्ष

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही गावे तानसेच्या खोऱ्यात एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत, आणि उष्ण झरे नदीच्या पात्रात व काठावर पसरलेले आहेत. वज्रेश्वरीचे जुने नाव वडवली. येथील यज्ञप्रसंगी इंद्राने टाकलेले वज्र देवीने झेलले, म्हणून ती वज्रेश्वरी, अशी स्थानिक कथा आहे. चिमाजी आप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस केला आणि १७३९ साली वसई जिंकल्यावर मंदिर उभारले गेले, ही परंपरा सर्वश्रुत आहे. मंदिराची किल्ल्यासारखी तटबंदी पाहणाऱ्यास त्या काळाचे स्मरण करून देते.

येथील उष्णतेविषयी लोकांनी दोन उपपत्ती सांगितल्या आहेत. देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्ताने पाणी ऊन राहते, ही एक. आणि परशुरामाने येथे यज्ञ केला व आसपासच्या टेकड्या म्हणजे त्या यज्ञाची रक्षा होय, ही दुसरी. अग्निकुंड, सूर्यकुंड या नावांतही हीच कल्पना दिसते. या कथांना भोळसट म्हणून बाजूस सारणे योग्य होणार नाही. पाण्याच्या उष्णतेस काहीतरी कारण जमिनीच्या पोटात असले पाहिजे, ही त्यांमागील जाणीव खरी आहे. मात्र कुंडावरील वाफ पाहून खाली जळता अग्नी आहे असे मानणे, हा नैयायिकांनी सांगितलेला वाफेवरील धूरभ्रमच होय.

ग्रामनामांची साक्ष कथांपेक्षा अधिक कोरडी व म्हणूनच अधिक विश्वसनीय आहे. संस्कृत 'उष्ण' शब्दाचे प्राकृतात 'उण्ह' झाले. मराठीत त्याचे 'ऊन' असे रूप स्थिर झाले आणि त्यातील 'ह'कार लोपला. 'ऊन पाणी', 'ऊन ऊन भात' या प्रयोगांत तो ऐकू येत नाही. परंतु 'उन्हाळा' शब्दात तो टिकला, आणि कोकणातील उष्ण झऱ्यांच्या गावांतही टिकला : पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे. दक्षिण गुजरातेतील उनाई हेही याच कुळातले नाव दिसते. उत्तरेकडे 'तप्त' शब्दाच्या 'तत्त' या प्राकृत रूपापासून तत्तापानी, तातापानी अशी नावे झाली. ही नावे ज्या काळी पडली त्या काळी तेथे ऊन पाणी होते, एवढे त्यांवरून निश्चित म्हणता येते.

पण नावाची साक्ष येथेच थांबते. पाणी किती ऊन होते, ते वाढले की उतरले, याविषयी नाव काहीच सांगत नाही. शिवाय वस्तू गेली तरी नाव राहते. हिमाचल प्रदेशातील सतलजकाठच्या तत्तापानी येथील मूळ झरे कोल धरणाच्या जलाशयाखाली गेले. गावाचे नाव मात्र तेच आहे.

(३) सूची, तापमापक आणि रसायन

नावानंतरची पायरी मोजमापाची. रॉबर्ट श्लागिंटवाइट यांनी १८६४ साली भारतातील उष्ण झऱ्यांची एक सूची प्रसिद्ध केली. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी जमविलेली सुमारे तीनशे झऱ्यांची सूची त्यांच्या मृत्यूनंतर, १८८२ साली, त्यांचे पुत्र रिचर्ड ओल्डहॅम यांनी संपादून प्रकाशात आणली. येथे एका योगायोगाचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. याच रिचर्ड ओल्डहॅम यांनी १९०६ साली भूकंपलहरींच्या प्रवासकालावरून पृथ्वीच्या पोटात एक निराळा गाभा आहे असे दाखवून दिले. न दिसणाऱ्या खोलीचे पृष्ठावरील खुणांवरून वाचन करण्याची विद्या त्यांच्या हाती एका सूचीच्या संपादनापासून पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत पोहोचली.

स्वातंत्र्योत्तर काळात भारत सरकारने नेमलेल्या उष्ण झरे समितीने १९६८ साली आपला अहवाल दिला. त्यानंतर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने कोकणपट्टीतील झऱ्यांची पद्धतशीर पाहणी केली व काही ठिकाणी वेधनेही घेतली. १९९१ साली देशाचा भूऔष्णिक नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. पालघर जिल्ह्यापासून राजापुरापर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरांच्या पट्ट्यात हे झरे जवळजवळ एका ओळीत आहेत. वज्रेश्वरी परिसरातील पाणी सेल्सिअस मापाने पन्नास अंशांच्या आसपास, तर उन्हवरे येथील सुमारे सत्तर अंश भरते.

झऱ्याच्या तोंडाशी मोजलेले तापमान हे खोलीतील तापमान नव्हे. वर येताना पाणी निवते आणि थंड पाण्यात मिसळते. म्हणून शास्त्रज्ञांनी पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांची साक्ष काढली. पाणी जितके अधिक ऊन, तितकी खडकातील सिलिका त्यात अधिक विरघळते, आणि पाणी त्वरेने वर आले तर ती त्यात तशीच राहते. सोडियम व पोटॅशियम यांच्या प्रमाणावरूनही असेच अनुमान निघते. या रीतीने कोकणातील झऱ्यांच्या मुळाशी तापमान शंभर अंशांच्या वर असावे असे अनुमान झाले आहे. 

आता हे तापमान कोठून येते? दख्खनचा बेसाल्ट ज्वालामुखीच्या उद्रेकांतून आला हे खरे; परंतु ते उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे असून त्यांची उष्णता केव्हाच निवून गेली आहे. सामान्यतः जमिनीत एक किलोमीटर खाली गेल्यास तापमान पंचवीस ते तीस अंशांनी वाढते. पृष्ठभागी सत्तावीस अंश धरले, तर तीन किलोमीटर खोलीवर ते एकशेदहा अंशांच्या सुमारास जाते. पावसाचे पाणी खडकातील खोल भेगांतून तेथवर उतरले आणि दुसऱ्या भेगेने त्वरेने वर आले, तर वज्रेश्वरीच्या कुंडाचा उलगडा होतो. त्यासाठी खाली जळता अग्नी मानण्याचे प्रयोजन उरत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्याप्रमाणे येथे उष्णता आहे, पण धूर नाही.

(४) मातीखालचा अग्नी : कोळशाची भट्टी

उष्णतेचे वाचन आणि अग्नीचे नियंत्रण या भिन्न विद्या आहेत. नियंत्रणाची विद्या याच ठाणे-कुलाबा भागातील जंगलांत एका वेगळ्याच समाजाने सांभाळली होती. कातकरी लोक पावसाळा संपल्यावर कोळशाच्या भट्ट्या लावण्यासाठी रानोमाळ जात. बहुधा सावकाराच्या वा ठेकेदाराच्या आगाऊ रकमेच्या ओझ्याखाली ते जात, आणि त्यांच्या कौशल्याची किंमत त्या हिशेबात क्वचितच धरली जाई.

भट्टीची रीत अशी. लाकडे रचून त्यांवर पाला व माती लिंपावयाची, आत विस्तव घालावयाचा आणि कडेने वाऱ्यासाठी भोके ठेवावयाची. आतले जळण डोळ्यांना दिसत नाही. प्रथम दाट पांढरा धूर येतो. ती लाकडातील पाण्याची वाफ. मग धूर पिवळसर व कडू होतो. शेवटी तो विरळ व निळसर झाला की लाकडाचा कोळसा झाला असे जाणून भोके बुजवितात. वारा जास्त गेला तर कोळशाची राख होते, कमी गेला तर लाकूड कच्चे राहते. अग्नीस हात लावता येत नाही. हाती असते ते वाऱ्याचे भोक, आणि डोळ्यांसमोर असतो तो धूर. या दोन गोष्टींवर सारा कारभार चालतो.

तेलखडकातील ज्वलनाचे मूळ तत्त्व याहून निराळे नाही, असे आमचे मत आहे. तेथे धुराच्या रंगाऐवजी धुराचे पृथक्करण येते आणि वाऱ्याच्या भोकाऐवजी वातसंपीडक येतो.

(५) तेलखडक तापविण्याचे प्रयत्न

'तेल' हा शब्द मुळात तिळाचा. खनिज तेलास मराठीत प्रथम परकी नावेच मिळाली. 'घासलेट' हे 'गॅसलाइट'वरून आणि 'रॉकेल' हे 'रॉक ऑइल'वरून आले असे सामान्यतः मानतात. दुसरी व्युत्पत्ती आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे, कारण हे तेल खरोखरीच खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत असते. ते पातळ असेल तर दाबाने विहिरीकडे वाहते; काकवीसारखे घट्ट असेल तर बहुतांश खडकातच अडकून राहते. उष्णतेने ते पातळ होते. म्हणून खडकच तापवावा, ही कल्पना निघाली.

त्यासाठी दोन मार्ग अवलंबिले गेले. पहिला, बाहेरून उष्णता देण्याचा. स्वीडनमध्ये क्वार्नटॉर्प येथे १९४० नंतरच्या दशकात फ्रेडरिक ल्युंगस्ट्रॉम यांच्या पद्धतीने तेलशिळेत भोके पाडून विजेच्या तापकांनी ती कित्येक महिने तापविली जाई व निघणारी वाफ गोळा केली जाई. पुढे अमेरिकेतील कोलोरॅडोत शेल कंपनीने असाच प्रयोग केला. तेथे तापलेल्या भागात भूजल शिरू नये व तेल बाहेर पसरू नये म्हणून सभोवतालची जमीन गोठवून बर्फाची भिंत उभारण्यात आली. २०१३ साली कंपनीने तो प्रकल्प सोडून दिला. दुसरा मार्ग खडकातील तेलाचाच एक अंश जाळण्याचा. त्यासंबंधीचे एकस्व अमेरिकेत १९२३ साली घेतले गेले, सोव्हिएत संघात १९३० नंतर त्याचे क्षेत्रीय प्रयोग झाले, आणि रुमानियातील सुप्लाकु दे बर्काउ येथे १९६४ पासून तो दीर्घकाळ चालविला गेला.

आपल्याकडे खंबातच्या खोऱ्यात, लुणेज येथे, १९५८ साली तेल लागले. तो प्रदेश त्या वेळी द्वैभाषिक मुंबई राज्यात होता. याच खोऱ्याच्या उत्तर टोकास बलोल, सांथाल व लाणवा ही घट्ट तेलाची क्षेत्रे आहेत. खंबातचे खोरे आणि कोकणचा किनारा यांच्या घडणीत खोल भेगांचा मोठा वाटा असून, खंबातच्या खोऱ्यातील भूऔष्णिक प्रवाह द्वीपकल्पाच्या जुन्या खडकांपेक्षा अधिक आहे. बलोलचा तेलखडक मुळातच सुमारे सत्तर अंशांवर, म्हणजे उन्हवऱ्याच्या पाण्याइतका, तापलेला आहे. पण एवढ्याने भागत नव्हते. तेथील तेल पाण्याच्या शेकडो पट चिकट, आणि भोवतालचे भूजल त्यास बगल देऊन आधी विहिरीत शिरे. साध्या पद्धतीने बलोलमधील एकूण तेलापैकी सुमारे तेरा टक्केच हाती येईल असा अंदाज होता. तेव्हाच्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाने १९९० साली बलोल येथे ज्वलनाचा पथदर्शी प्रयोग सुरू केला, आणि १९९७ साली बलोल व सांथाल येथे व्यापारी प्रमाणावर तो अमलात आला. या रीतीने वरील प्रमाण तिपटीच्या जवळपास नेता येईल असे अनुमान बांधण्यात आले.

(६) अदृश्य ज्वलनाचे निरीक्षण व नियंत्रण

प्रक्रिया थोडक्यात अशी. एका विहिरीतून दाबाखाली हवा खडकात सोडतात व तळाशी ज्वलन सुरू करतात. तेलाचे जड अवशेष कोकसारखे होऊन जळतात. ज्वलनाची आघाडी हळूहळू पुढे सरकते. तिच्यापुढे वाफ, तप्त वायू व पातळ झालेले तेल उत्पादक विहिरींकडे ढकलले जाते. तेलाचा लहानसा भाग इंधन म्हणून खर्ची पडतो आणि उरलेला मोकळा होतो. हवेबरोबर पाणी सोडले, तर मागे राहिलेली उष्णता वाफेच्या रूपाने पुढे नेता येते.

हे सारे हजार मीटर खाली घडते. आघाडी कोठे पोहोचली हे काही ठिकाणी निरीक्षण-विहिरींतील तापमापकांनी कळते. परंतु विहीर ही एका बिंदूची साक्ष, आणि आघाडीपासून थोड्या अंतरावरही खडक थंडच असतो. म्हणून मुख्य भिस्त उत्पादक विहिरीतून येणाऱ्या वायूवर, म्हणजे धुरावर, ठेवावी लागते.

या धुराचे वाचन फार बोधप्रद आहे. तेलखडकात दोन प्रकारचे ज्वलन संभवते. तापमान साडेतीनशे अंशांच्या पुढे असता कार्बनचे नीट ज्वलन होऊन कार्बन डायऑक्साइड निघतो. तापमान त्याहून बरेच खाली राहिले, तर प्राणवायू तेलालाच चिकटतो. तेल पातळ होण्याऐवजी अधिक घट्ट होते, आणि जो उपाय म्हणून योजिला तोच अपाय ठरतो. दोन्ही प्रकारांत प्राणवायू खर्ची पडतो. म्हणून केवळ 'प्राणवायू संपला, अर्थात अग्नी चांगला आहे' असे अनुमान करता येत नाही. येथे हवेतील नत्रवायू कामास येतो. तो या क्रियेत भाग घेत नाही. म्हणून बाहेर आलेल्या नत्रवायूवरून आत किती प्राणवायू गेला होता हे मोजता येते, आणि त्यांपैकी किती कार्बनबरोबर बाहेर आला याचा ताळा घालता येतो. न सापडलेला प्राणवायू पाण्यात गेला असे धरून जळलेल्या इंधनातील हायड्रोजन व कार्बन यांचे गुणोत्तर काढतात. ते गुणोत्तर अवाजवी वाढलेले दिसले, तर तो प्राणवायू तेलास चिकटत असून अग्नी मंद झाला आहे असे समजतात. जो काहीच करीत नाही तो येथे सर्वांत विश्वासू साक्षीदार ठरतो.

नियंत्रणाची साधने मोजकी आहेत : हवेचे प्रमाण, पाण्याचे प्रमाण, आणि कोणती विहीर उघडी ठेवावयाची व कोणती मिटावयाची याचा निर्णय. एखाद्या उत्पादक विहिरीत न जळलेला प्राणवायू येऊ लागला, तर हवेने खडकात आडवाट काढली असे समजून ती विहीर मिटतात. कारण प्राणवायू आणि ज्वलनशील वायू एकत्र येणे म्हणजे स्फोटास आमंत्रण. हवा सोडणारी विहीरही अकस्मात थांबविणे धोक्याचे असते. दाब उतरला की तेल तिच्याकडे उलटे वाहून तेथेच पेटू शकते. म्हणून संपीडक बंद पडल्यास पाणी वा नत्रवायू सोडण्याची तजवीज आधीच करावी लागते. विहिरीच्या तोंडाशी काम करणाऱ्यांचे प्राण या नोंदींच्या अचूकपणावर अवलंबून असतात, हे विसरता कामा नये.

नियंत्रण नसले म्हणजे काय होते याचे उदाहरण झारखंडमधील झरिया येथे आहे. तेथील कोळसाखाणींत १९१६ साली आगीची पहिली नोंद झाली आणि शतक उलटले तरी त्या आगी विझल्या नाहीत. जमीन खचली, वस्त्या उठवाव्या लागल्या. झरिया आणि बलोल यांच्यातील भेद उष्णतेच्या मापाचा नाही. बलोलला हवा कोठून, किती व केव्हा जाते हे माणसाच्या हाती आहे; झरियात ती हजार भेगांतून आपल्या मर्जीने जाते.

(७) उपसंहार

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. भूगर्भातील उष्णतेविषयीचे ज्ञान एकेका खुणेवरून होत नाही. खूण आणि तिचे कारण यांचे साहचर्य वारंवार पाहूनच ते होते. नैयायिकांनी यास भूयोदर्शन म्हटले. कातकऱ्याने अनेक भट्ट्यांचा धूर पाहिला म्हणून त्यास निळ्या धुराचा अर्थ कळला. बलोलच्या अभियंत्यांनी वायूचे पृथक्करण सातत्याने केले म्हणून आजचा आकडा कालच्या आकड्याशी ताडून पाहता आला. एका दिवसाचा आकडा मुका असतो. मालिकेत बसविला म्हणजे तो बोलतो.

या दृष्टीने वज्रेश्वरीकडे पुन्हा पाहिले पाहिजे. तेथे कथा आहेत, कोकणात इतरत्र नावांची साक्ष आहे, सूची आहेत आणि वेळोवेळी झालेल्या पाहण्यांतील मोजमापे आहेत. परंतु पाहणी म्हणजे मालिका नव्हे. भूऔष्णिक ऊर्जेसाठी कोकणात खोल वेधने घेण्याचा विचार वारंवार पुढे येतो. कुंडांच्या परिसरात बांधकामे व विंधनविहिरी वाढल्यास झऱ्यांच्या पाण्यावर परिणाम होणेही असंभाव्य नाही. उद्या एखादे कुंड निवले, तर ते पावसाच्या कमतरतेमुळे, नव्या विहिरीच्या उपशामुळे, की खडकातील भेग बुजल्यामुळे, याचा निवाडा आजच्या नोंदीवाचून करता येणार नाही. तेलक्षेत्रात हवा सोडण्यापूर्वी मूळ स्थितीची मोजणी करतात; झऱ्याच्या बाबतीतही तोच नियम लागू आहे.

हे काम खर्चाचे नाही. तापमापक, पाण्याच्या प्रवाहाचे माप, सिलिका व क्लोराइड यांचे ठराविक काळाने परीक्षण, आणि या सर्वांची एक वही, एवढ्याने त्याचा आरंभ होतो. ठाणे-पालघर भागातील महाविद्यालयांच्या भूगोल व रसायन विभागांस ते सहज पेलण्यासारखे आहे. 'उन्हेरे' आणि 'उन्हवरे' या नावांतील 'ह'कार लोकांच्या जिभेने शतकानुशतके जपला, आणि त्यावरून तेथे ऊन पाणी होते एवढे आपणांस आज सांगता येते. ते किती ऊन होते हे पुढील पिढ्यांस सांगता यावे, एवढी जबाबदारी नावापेक्षा अधिक काही लिहू शकणाऱ्या आपल्या पिढीवर येते.